मानधनावर घर चालवताना: कलाक्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी पैशाचं नियोजन

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरं. पण ज्याचं अंथरूणच दर महिन्याला लहान-मोठं होतं, त्यानं काय करायचं? नट नाईटवर (दर प्रयोगामागच्या मानधनावर) जगतो, मालिकेचा लेखक एपिसोडवर, लग्नाचे फोटो काढणारा सीझनवर आणि मुखपृष्ठं करणारा चित्रकार प्रकाशकाच्या सवडीवर. बचतीवरचे बहुतेक सल्ले 'एक तारखेला पगार जमा होतो' असं धरून दिलेले असतात, म्हणून ते आपल्याला दोन महिन्यांच्या वर पाळता येत नाहीत.

आपल्याकडे पैसे कमी मिळतात ही तक्रार रास्तच आहे. पण तेवढाच घोळ तारखांचा असतो. काम ठरतं एका तारखेला, पुरं होतं दुसऱ्या, बिल जातं तिसऱ्या आणि पैसे खात्यात पडतात चौथ्याच. मालिकांमध्ये नव्वद दिवसांचं क्रेडिट, म्हणजे पैसे नव्वद दिवसांनी, हा रिवाज होऊन बसलाय. दिवाळी अंकाची चित्रं पावसाळ्यात काढायची आणि मानधन अंकाच्या जाहिरातींची वसुली झाल्यावर. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो, तर उचल त्याच्या आधीच घेऊन संपलेली असते. खाली सांगितलेलं सगळं या मधल्या काळात तग धरण्यासाठी आहे.

पायरी १: गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा

नेट बँकिंगमधून वर्षभराचं स्टेटमेंट घ्या आणि कामापोटी जमा झालेली प्रत्येक रक्कम एका वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवा. रकाने पाच: पैसे आले ती तारीख, कोणाकडून, किती, टीडीएस (पैसे देणारा आधीच कापून सरकारकडे भरतो तो प्राप्तिकर) किती कापला, आणि ते काम नेमकं कधी संपलं होतं. पाकिटातून रोख मिळालेलंही लिहा.

हा पाचवा रकाना भरताना डोळे उघडतात. कोण वीस दिवसांत देतं आणि कोण पाच महिने झुलवतं, हे तिथे आकड्यांत दिसतं. मोठं नाव आणि वेळेवर पैसे यांचा फारसा संबंध नसतो, हेही. पुढचं काम घेताना दराइतकाच हा रकानाही बघायचा.

मग त्यातून कामाचा खर्च वजा करा: प्रवास, साहित्य, सॉफ्टवेअरची वर्गणी, भाड्यानं घेतलेली लेन्स, तालमीच्या हॉलचं भाडं. उरेल ती तुमची कमाई. कबूल झालेले पण न आलेले पैसे या वहीत कुठेही येता कामा नयेत. त्यांच्यासाठी वेगळं पान ठेवा.

पायरी २: स्वतःला पगार द्या, पण तो सरासरीवरून ठरवू नका

लेखाचा गाभा इथे आहे, म्हणून उदाहरण सविस्तर घेतो. समजा, एका चित्रकर्तीकडे खर्च आणि टीडीएस जाऊन एप्रिलपासून असे पैसे आले: एप्रिल २२,०००, मे १,१०,०००, जून ८,०००, जुलै ३५,०००, ऑगस्ट ६४,०००, सप्टेंबर शून्य, ऑक्टोबर ४१,०००, नोव्हेंबर २८,०००, डिसेंबर १,२६,०००, जानेवारी ५७,०००, फेब्रुवारी १९,००० आणि मार्च ९०,०००. वर्षाचे बरोबर सहा लाख. सरासरी महिना ५०,०००.

तिनं सरासरीवर भरवसा ठेवून दरमहा ५०,००० घरखर्चाला काढले, तर एप्रिलअखेर ती २८,००० नं मागे असेल. मेमध्ये सावरेल. मग जूनपासून पुन्हा घसरण, आणि नोव्हेंबरअखेर खड्डा ९२,००० चा. हे पैसे तिच्याकडे आधीपासून शिल्लक नसतील तर ते क्रेडिट कार्डावर जाणार, आणि कार्डाचं व्याज वर्षाला ३५ ते ४५ टक्क्यांच्या घरात असतं. मार्चमध्ये हिशेब शून्यावर येतो, पण कागदावर. व्याज मधल्या मधे गेलेलंच असतं.

आता पगार ३६,००० धरा. एप्रिलअखेर उणे १४,०००, मेअखेर अधिक ६०,०००, सप्टेंबरच्या शून्यानंतरही हातात २३,०००, नोव्हेंबरअखेर २०,०००. एप्रिलनंतर शिल्लक एकदाही उणे होत नाही. वर्षअखेर १,६८,००० उरतात. म्हणजे सुरुवातीला फक्त १४,००० गाठीशी असले तरी भागलं.

तुमचा पगार असाच काढायचा. एक आकडा धरा, महिन्यागणिक बेरीज-वजाबाकी करत जा, सगळ्यात खोल खड्डा किती ते बघा. तेवढी रक्कम आज तुमच्याकडे असेल तर तो पगार परवडतो. नसेल तर आकडा खाली आणा. हातखर्चाला फारच कमी पडतंय असं दिसलं, तर प्रश्न नियोजनाचा नाही, दराचा किंवा कामांच्या संख्येचा आहे, आणि तो काटकसरीनं सुटणार नाही. शिकवण्या, अनुवाद, व्हॉइसओव्हर असं काहीतरी बारमाही जोडकाम लागेल. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. मराठी रंगभूमीवरच्या कित्येक पिढ्यांनी बँकेतली नाहीतर पोस्टातली नोकरी सांभाळून तालमी केल्या.

पगाराचा आकडा वर्षातून एकदाच बदला, तोही मार्च संपल्यावर. एक मोठी जाहिरात मिळाली म्हणून मधेच वाढवू नका.

पायरी ३: तीन खाती

पहिलं कामाचं खातं: प्रत्येक बिलावर याचाच नंबर. दुसरं घरचं: पहिल्यातून दर एक तारखेला ठरलेला पगार यात येईल, अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन टाका. तिसरं कराचं आणि अडीनडीचं: रक्कम आली की तिथल्या तिथे काही टक्के इकडे सरकवायचे. किती, ते तुमच्या कर-टप्प्यावर ठरेल. कुणाचा टीडीएस कापला जात नसेल तर दहा टक्क्यांपासून सुरुवात करायला हरकत नाही.

यूपीआय फक्त घरच्या खात्याला जोडा. कामाच्या खात्याचा क्यूआर असेलच तर तो पैसे घेण्यापुरता ठेवा.

पायरी ४: काम घेतानाच पैशाचं बोला

'आधी काम बघू, पैशाचं नंतर बोलू' हे वाक्य ऐकू आलं की सावध व्हावं. लाज वाटत असेल तर फोनवर बोलू नका. ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि समोरच्याकडून 'ठीक आहे' एवढं लेखी घ्या. त्यात काय हवं? कामाची नेमकी व्याप्ती, किती वेळा बदल करून देणार, आगाऊ किती, बाकीचे कधी, काम मधेच रद्द झालं तर किती मिळणार. आगाऊ रकमेवर अडून बसा. सुपारी घेतल्याशिवाय ऑर्केस्ट्रावाला तारीख अडवत नाही. मग चित्रकारानं दोन आठवडे का अडवावेत?

हक्कांबद्दल कायदा तुमच्या बाजूनं जरा जास्तच बोलतो, पण तो माहीत असावा लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखीच असावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेणाऱ्यानं ते वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही नसल्यास, ते परत तुमच्याकडे येतात. म्हणूनच छापील करारांत 'कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वासाठी' असले शब्द पेरलेले असतात. ते खोडून 'पहिली आवृत्ती, मराठी, तीन वर्षं' असं लिहायला सांगा. निम्म्या वेळा समोरचे मान्य करतात, कारण त्यांनीही तो मसुदा कुठून तरी उचललेला असतो.

छायाचित्रकार आणि चित्रकारांनी इथे जास्त जपावं. कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोच्या किंवा व्यक्तिचित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, पैसे देणारा असतो. उलट, गीतकार आणि संगीतकारांना २०१२ च्या दुरुस्तीनं मोठा आधार दिला: चित्रपटातल्या गाण्याचा वापर चित्रपटगृहाबाहेर झाला की रॉयल्टीतला समान वाटा त्यांचा, आणि तो करारानं सोडून देता येत नाही. तो वसूल करणारी संस्था इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. गाणी लिहिता आणि सभासद नाही, असं असेल तर ते काम या महिन्यात उरका.

पायरी ५: बिल आणि वसुली

काम दिलं त्याच दिवशी बिल. अनुक्रमांक, तारीख, पॅन, बँकेचा तपशील, कामाचं वर्णन, देय तारीख. 'लवकरात लवकर' असं लिहू नका, तारीख लिहा. बिल ज्यानं काम दिलं त्याला पाठवाच, पण अकाउंट्सलाही प्रत द्या. दिग्दर्शकाला तुमच्या पैशांबद्दल कळकळ असते, पण चेक काढायचा अधिकार नसतो.

मुदत संपली की दुसऱ्या दिवशी निरोप. लांबण नको, माफीही नको: 'नमस्कार मॅडम, बिल क्र. १७ ची मुदत काल संपली. अकाउंट्समध्ये कोणाशी बोलू?' प्रश्न असा विचारला की उत्तरात निदान एक नाव तरी मिळतं.

आता एक हत्यार, जे फार कमी कलाकार वापरतात. केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर एकट्यानं काम करणारा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकतो. आधार आणि पॅन लागतं, शुल्क शून्य. (गूगलवर वर येणाऱ्या, पैसे मागणाऱ्या साइट दलालांच्या असतात.) नोंदणी झाली की २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा लागू: लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. नव्वद दिवसांचा रिवाज या कायद्यात बसत नाही.

पैसे थकले तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, पण खरं सांगायचं तर ज्यांच्याकडून पुढचं काम हवं आहे त्यांच्यावर कोणी तक्रार करत नाही. जास्त उपयोग होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. त्यामुळे उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापा आणि फेब्रुवारीत थकबाकीची आठवण पाठवा. मार्चअखेरीला अकाउंट्सवाले अशी बिलं स्वतःहून शोधतात.

पायरी ६: प्राप्तिकर

मानधनावर साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो. एप्रिल २०२५ पासून, एकाच ठिकाणाहून वर्षात ५०,००० च्या वर गेल्यास. पुष्कळ जण याला 'कर भरून झाला' असं समजतात आणि रिटर्न भरत नाहीत. बहुतेकांचं तिथे नुकसान होतं.

चित्रपटांचे संवाद लिहिणाऱ्या एखाद्याला वर्षात ९,६०,००० मिळाले आणि त्यातून ९६,००० कापले गेले असं धरू. १९६१ च्या कायद्यातल्या कलम ४४एडीए प्रमाणे ठरावीक व्यवसायांना एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. खर्चाच्या पावत्या मांडत बसावं लागत नाही. मर्यादा ५० लाख. रोखीचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. म्हणजे याचं उत्पन्न ४,८०,०००. २०२५-२६ साठी नव्या कररचनेत चार लाखांपर्यंत कर नाही आणि बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट, म्हणजे करात सूट, आहे. कर शून्य. कापलेले ९६,००० परत मिळतात, रिटर्न भरलं तरच. प्रत्यक्षात नफा निम्म्याहून जास्त झाला असेल तर तो जास्तीचा दाखवायचा असतो, हे लक्षात असू द्या.

ठरावीक व्यवसाय कोणते, यावर घोडं अडतं. चित्रपटाशी संबंधित अभिनेते, दिग्दर्शक, छायालेखक, संकलक, गायक, गीतकार, संगीत, नृत्य आणि कला दिग्दर्शक, कथा-पटकथा-संवाद लेखक, वेशभूषाकार हे यादीत आहेत. वास्तुरचनाकार आणि अंतर्गत सजावट करणारेही. चित्रकार, मूर्तिकार, कादंबरीकार यांची नावं नाहीत. फक्त रंगमंचावर काम करणाऱ्यांनी आणि यूट्यूबरांनी सीएशी बोलूनच ठरवावं. यादीत नसलात तर खर्चाचा खरा हिशेब ठेवा. पायरी १ ची वही इथे कामाला येते. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा जुन्या व्हिडिओंमधले आकडे शोधत बसू नका.

पुस्तकांच्या रॉयल्टीवर लेखकांना तीन लाखांपर्यंत वजावट आहे, पण ती जुन्या कररचनेतच.

टीडीएस कापून पुढे भरलाच नाही, असंही घडतं. कापणाऱ्यांची तिमाही विवरणपत्रं ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे पर्यंत जातात. त्यानंतर पंधरवड्यानं प्राप्तिकराच्या पोर्टलवर आपलं एआयएस (वर्षभराच्या जमा आणि टीडीएसची नोंद दाखवणारं विवरणपत्र) उघडा आणि वहीतल्या चौथ्या रकान्याशी ताडून बघा. कापणाऱ्याचं नाव दिसलं नाही तर त्याला लगेच फोन. वर्ष उलटल्यावर कोणी दाद देत नाही.

टीडीएस वजा जाता कर दहा हजार किंवा त्याहून जास्त निघणार असेल तर आगाऊ कर भरायचा: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. निम्म्या नफ्याची सवलत घेणाऱ्यांना एकच तारीख, १५ मार्च.

उत्पन्न मुद्दाम कमी दाखवायचा मोह आवरा. गृहकर्जाला बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. आपल्यासाठी तोच पगाराचा दाखला.

पायरी ७: जीएसटी आणि व्यवसाय कर, थोडक्यात

सेवांसाठी वर्षाची जमा २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी. त्याआधी कोणी 'जीएसटी नंबर नाही तर काम नाही' म्हणालं, तर तो त्यांच्या सोयीचा नियम आहे, कायद्याचा नाही. लोककला किंवा शास्त्रीय संगीत, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्या कलाकाराचं दीड लाखापर्यंतचं मानधन जीएसटीतून मुक्त आहे. जाहिरातीत चेहरा म्हणून केलेलं काम नाही. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकांना वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर असतो, मुदत ३० जून. रक्कम छोटी म्हणून दुर्लक्ष होतं आणि मग एकदम काही वर्षांची नोटीस येते.

पायरी ८: गंगाजळी, आणि ती कुठे ठेवू नये

सहा महिन्यांचा पगार बाजूला हवा. एकदम नाही जमणार. वर्षअखेर जे उरतं (आपल्या चित्रकर्तीचे १,६८,०००) त्यातून नवा कॅमेरा घेण्याआधी ही गंगाजळी. एफडी किंवा बचत खात्याला जोडलेली स्वीप-इन ठेव (जादा शिल्लक आपोआप एफडीत जाते, लागेल तेव्हा परत येते) पुरे.

आपल्याकडे पतसंस्थेत पैसे ठेवायची सवय आहे, कारण व्याज एक-दीड टक्का जास्त आणि संचालक ओळखीचे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्या सुद्धा, दर ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेला तो लागू नाही. युनिटमधल्या भिशीचंही तसंच: भिशी घाला, पण ती गंगाजळी समजू नका. मालिका बंद पडली की भिशीही विस्कटते, आणि पैशाची गरज नेमकी तेव्हाच असते.

आरोग्य विमा स्वतःचा घ्या. प्रॉडक्शनचा गटविमा काम संपलं की संपतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विमा हप्त्यांवर जीएसटी नाही. नर्तक, वादक, प्रकाशयोजनाकार, फाइट मास्टर यांनी वैयक्तिक अपघात पॉलिसीत एक गोष्ट मुद्दाम विचारा: काही आठवडे काम करता आलं नाही तर साप्ताहिक भरपाई मिळते का? स्वस्त पॉलिसीत नेमकी तीच गाळलेली असते. बँकेतून वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा मिळतो, तो तर आजच घ्या, पण त्यावर विसंबू नका: तो अपघाती मृत्यू आणि अपघातानं आलेल्या कायमच्या अपंगत्वापुरता आहे.

पायरी ९: म्हातारपण

ज्यांचा पैसा एकरकमी येतो त्यांना पीपीएफ सोयीचं. वर्षात किमान ५०० रुपये, कमाल दीड लाख, मधे केव्हाही. मात्र महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्या रकमेवर मिळत नाही. एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम) करायची तर सप्टेंबरच्या शून्यालाही झेपेल एवढी छोटी, आणि चांगल्या महिन्यात वरून भर. अटल पेन्शन योजनेत प्राप्तिकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून नव्यानं प्रवेश नाही.

राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं मानधन योजना आहे, महिना ५,००० रुपयांची. वय आणि उत्पन्नाच्या अटी असतात, आणि तुम्ही कलाकार होता याचे पुरावे जोडावे लागतात. जाहिरातींची कात्रणं, कार्यक्रमपत्रिका, प्रमाणपत्रं, आकाशवाणीची करारपत्रं तरुणपणीच एका फाइलमध्ये घालत जा. सत्तरीत ती शोधायला माळ्यावर कोण चढणार?

पायरी १०: घरच्यांसाठी एक फाइल

लेखकाचा कॉपीराइट मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. पण घरच्यांना ठाऊकच नसतं की कोणतं पुस्तक कोणाकडे, किती वर्षांसाठी दिलंय. त्यामुळे प्रकाशकानं नवी आवृत्ती काढली तरी कोणी विचारत नाही. फाइलच्या पहिल्या पानावर यादी हवी: कलाकृतीचं नाव, कोणाशी करार, काय दिलं, कधीपर्यंत, रॉयल्टी किती आणि कोणत्या महिन्यात येते. त्यामागे करारांच्या प्रती. बँक, पीपीएफ, विमा सगळीकडे नॉमिनी आहे का ते बघा. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, तो वारस असतोच असं नाही, म्हणून साधं का होईना मृत्युपत्र करा आणि त्यात कॉपीराइट कोणाला जाणार हे नावानिशी लिहा. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही. रॉयल्टी सोसायटीचे सभासद असाल तर तिथल्या वारसाच्या नोंदीत लग्नाआधीचीच नावं राहिलेली नाहीत ना, तेही बघून घ्या.